खिडकी न उघडता

९ जानेवारी

ती. वन्सं यांस,
सा. न.

फोनवर तुम्हाला अर्धं ऐकू येत नाही, आणि जे ऐकू येतं त्यातलं अर्धं पटलं नाही म्हणून तुम्ही सोडून देता. तेव्हा आपली मेलच बरी. शिवाय मी फोनवर बोलायला लागले की हे पलीकडच्या खोलीतून मध्ये मध्ये बोलतात, आणि हे काम मला तुम्हाला एकटीला सांगायचंय.

तुम्ही ह्यांना लिहून दिलेला 'साचा' प्रोग्रॅम खिडकी न उघडता चालवता येईल का?

घाबरू नका, शब्द माझे नाहीत. नवं कोरायचं यंत्र बसवायला मेकॅनिक आला होता. त्याला मी आमच्या वर्कशॉपचं काम समजावून सांगितलं. माणसाचा कापून उरलेला पाय स्कॅन करायचा, तो कॉम्प्युटरवर दिसतो. मग हे माउसने त्याला आकार देतात. भार पेलेल तिथे थोडं आत दाबायचं, हाड वर आलं असेल तिथे जागा सोडायची. त्यावरून यंत्र फोमचा ठोकळा कोरतं, त्यावर आम्ही तापवलेलं प्लास्टिक ओढतो, आणि झाला पेला. त्यात पाय बसतो, खाली नकली पाऊल लागतं, माणूस चालायला मोकळा. त्याने सगळं ऐकलं आणि विचारलं, "मग ह्याला कमांड लाइन नाही?" म्हणजे म्हणे काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एंटर मारायचा, आणि प्रोग्रॅमने खिडकी-बिडकी न उघडता, माउस न मागता काम करून ठेवायचं.

मला ते फार आवडलं. कामही वाढलंय. लहान मुलं तर वाढत असतात, सारखी नवा पेला मागायला येतात, आणि त्यांचे बदल तेच ते. एक ओळ लिहून होत असेल तर मीसुद्धा करीन. ह्यांना एवढ्यात काही बोलू नका. जमतंय का ते आधी पाहू.

बाकी सगळं ठीक. तुमचा भाऊ दोन माणसांचं जेवतो आणि तरी पट्ट्याला नवं भोक पाडून घेतो. एवढ्या थंडीत पंखा लावून झोपतो आणि मी दोन पांघरुणांत गुरफटलेली. एकेकाचा देह असतो बाई.

तुमची,
वहिनी


११ जानेवारी

प्रिय वहिनी,

जमेल का असं विचारलंस तर जमेल. करीन का असं विचारलंस तर नाही.

फुगून बसू नकोस, कारण सांगते. मी 'साचा' लिहीत होते तेव्हा आपला ठोकळ्या माझ्या शेजारी स्टूल टाकून बसायचा. (तो तुझा नवरा झाला म्हणून मी त्याचं नाव बदलणार नाही. लहानपणी सगळी खेळणी टाकून सुताराकडचे ठोकळे गोळा करायचा, त्याला दुसरं काय म्हणणार?) हे बटण इकडे घे, तो रंग तिकडे दे, असं त्याचं चालायचं. मी एकदा म्हटलं, किती मिलिमीटर दाबायचं ते आकड्यात लिहायची सोय करते. तर म्हणाला, "ताई, मला पाय दिसला पाहिजे. आकडा नको दिसायला." म्हणून सगळी खिडकी बांधली. परिणामी त्या प्रोग्रॅमचं डोकं बटणांच्या पोटात आहे. बटण दाबल्याशिवाय त्याला काही आठवत नाही. ते बाहेर काढायचं म्हणजे राहत्या घराची वायरिंग उपसायची.

पण तो झाला माझा आळस. खरी गोष्ट वेगळी आहे. माणूस त्या पेल्यात आपलं सगळं वजन टाकून उभा राहतो. आणि आपण काय करायचं, न पाहता एक ओळ मारायची नि कोरायचं? बटाटे आहेत का ते?

घाई होत असेल तर मदतीला माणूस ठेवा. किंवा असं कर, त्याने अलीकडे केलेल्या चार-पाच फायली मला पाठव. कुठे वेळ जातो ते बघते. खिडकीतच काहीतरी सोपं करून देईन.

तुझी,
वन्सं


१५ जानेवारी

ती. वन्सं यांस,
सा. न.

फायली सोबत जोडल्या आहेत. ह्यांच्या नकळत काढल्या, तेव्हा त्यांच्याशी विषय काढू नका.

त्यातली शेवटची शिवणकाम करणाऱ्या बाईंची आहे. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. त्यांचं शिलाई मशीन पायाने चालवायचं, आणि उजव्या पायानेच पायडल दाबायची त्यांना वर्षानुवर्षांची सवय. नव्या पेल्याने त्यांना नडगीवर जखम झाली. पंधरवडा काठी घेऊन फिरतायत, मशीन झाकून ठेवलंय. एक शब्द बोलल्या नाहीत हो. "पुन्हा करू, घाई नाही," म्हणाल्या. त्यांचं ते 'घाई नाही' मला जेवू देत नाही.

ओळीचं तेवढं बघाच. मी तुमच्याकडे आजवर काही मागितलेलं नाही.

तुमची,
वहिनी


१९ जानेवारी

वहिनी,

फायली पाहिल्या. आधी साधी गोष्ट. माउस बदला. त्याचा खालचा दिवा गेलाय किंवा टेबल चकाकतंय. ठोकळ्याच्या रेघा कशा असतात ते मला माहीत आहे, पाण्यावरून हात फिरवल्यासारख्या. ह्या फायलींत कडा करवतीच्या दातांसारख्या आहेत. तुझ्या शिवणकामवाल्या बाईंना जखम झाली यात नवल नाही, नडगीच्या जागी पेल्याला आतून कंगोरा आहे.

आता दुसरी गोष्ट, आणि ती मी मनात ठेवणार नाही. ह्या एकेका आकारावर त्याने किती वेळा पुसून पुन्हा ओढलंय ते फायलीत दिसतं. माणूस असं घाईत करतो. कोणीतरी त्याच्यामागे काठी घेऊन उभं असल्यासारखं. कामं वाढली, कामं वाढली हे तूच लिहितेस. वहिनी, दुकानदारी करायची असती तर त्याने बुटांचं दुकान टाकलं असतं. त्याला निवांत करू द्या. लोक थांबतील. तो हात घाईचा नाही.

कडू लागलं तर लागू दे. मोठी आहे, बोलणारच.

वन्सं


२० जानेवारी

वन्सं,

माउस नवाच आहे. दिवाळं काढल्यासारखे माउस घेतोय आम्ही. पहिला ह्यांनी बदलला. दुसरा भिंतीवर आपटला. हा तिसरा.

बिघाड माउसात नाही, हातात आहे. ह्यांचे हात कापतात.

पावसाळा संपता संपता सुरू झालं. आधी शर्टाची बटणं लागेनात. मग चहा अर्धा कप घ्यायला लागले, म्हणजे सांडत नाही. सही करायची वेळ आली की मला म्हणतात, "तूच कर, तुझं अक्षर बरं आहे." पेशंटसमोर हात खिशात असतात. घाई कोणी करत नाही वन्सं, मी तर मुळीच नाही. ती पुसापुशी घाईची नव्हती. एक रेघ नीट यावी म्हणून माणूस दुपारभर झटतो आणि संध्याकाळी खुर्चीतून उठताना माझ्याकडे बघत नाही.

तुम्हाला सांगायचं नाही अशी मला शपथ घातली होती. म्हणाले, "बाबांचं असंच सुरू झालं होतं. ताईला कळलं तर ती स्वतःचे हात बघत बसेल." शेवटची वर्षं बाबांना मीच चमच्याने भरवत होते, मला कोणी कंपवात शिकवायला नको. डॉक्टरकडे चला म्हटलं की उत्तर ठरलेलं. "काय आहे ते मला माहीत आहे. त्यांच्या तोंडून ऐकायची घाई नाही." रात्रंदिवस चिडचिड. छाती धडधडते म्हणतात. मला वाटतं, भीतीनेच.

आणि तरीसुद्धा, पायावरून बोटं फिरवली की ह्यांना अजून सगळं कळतं. "इथे चार मिलिमीटर, इथे अडीच, इथे हात लावू नकोस." ते बरोबरच असतं. चूक होते ती तिथून माउसपर्यंत जाताना. म्हणून मला ओळ हवी होती. हे आकडा सांगतील, मी लिहीन. आकडा थरथरत नाही.

कामं वाढली हे मी खोटं लिहिलं. उलट लोकांना पुढच्या तारखा देऊन थांबवतेय. दुकानदारीचं म्हणाल तर त्याचं उत्तर मी देत नाही.

तुमची,
वहिनी


२० जानेवारी

वहिनी,

चुकले. फार चुकले. तोंडाला कुलूप लावून तू इतके महिने काढलेस आणि मी तुला माउस बदलायला सांगितला.

तो म्हणाला तेच झालं. पत्र वाचून पहिलं काय केलं असेल तर दोन्ही हात समोर धरले. माझे स्थिर आहेत, मग त्याचीच लाज वाटली.

आज कामाला लागते. सगळी वायरिंग उपसते. माझ्या दोन अटी आहेत. ओळ मारली की कोरण्याआधी चारही बाजूंनी पायाचं चित्र तयार होईल आणि ते माणसाने डोळ्यांनी पाहिल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही. त्याचं 'पाय दिसला पाहिजे' मी सोडणार नाही. आणि दुसरी, त्याला डॉक्टरकडे न्यायचं. कसं ते तू ठरव. पण आधी त्याच्या हातात काम राहील असं बघू, मग डॉक्टरचं बोलू. रिकाम्या हाताचा माणूस कुठे जायला तयार होत नाही.

तुझी,
वन्सं


४ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

नवा 'साचा' सोबत पाठवलाय. आता त्याचं डोकं वेगळं आणि चेहरा वेगळा केला आहे. खिडकी हा एक चेहरा, ओळ हा दुसरा. दोघंही त्याच डोक्याला विचारतात, त्यामुळे उत्तर एकच येतं. नुसता उघडलास तर नेहमीची खिडकी येईल. काळ्या पडद्यावर त्याच्या नावापुढे आकडे लिहून हाक मारलीस तर खिडकी न उघडता काम करील. कसं लिहायचं ते वेगळ्या पानावर दिलंय. जुन्या पेशंटसाठी ठोकळ्याने पूर्वी केलेले बदलसुद्धा नव्या स्कॅनवर चढवता येतील. म्हणजे त्याच्या चांगल्या दिवसांतला हात त्या मुलांना मिळेल.

हे करताना लक्षात आलं की हे पहिल्यांदाच असं लिहायला हवं होतं. आतून आता इतकं स्वच्छ झालंय की मी उगाचच उघडून बघत बसते.

तुझी,
वन्सं


७ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न.

हे मापं घ्यायला हॉस्पिटलात गेले की मी बसते. आजवरची प्रगती ऐका.

पहिल्या दिवशी ओळ लिहिली, एंटर मारला. काही नाही. चूक नाही, बरोबर नाही, हूं नाही की चूं नाही. मला वाटलं, वन्संचा प्रोग्रॅम, माझ्यावर रुसला असणार. पुन्हा मारला. पुन्हा मारला. मग सहज फोल्डर उघडून बघते तर एकाच पायाची चार-चार चित्रं तीनदा काढून ठेवलेली! काम चोख, फक्त सांगायचं नाही.

दुसऱ्या दिवशी हिंमत वाढली. पुढच्या खोलीतून मागच्या यंत्राच्या कॉम्प्युटरला काम दिलं. त्याला पडदा नाही, नुसता डबा आहे. जेवून आले, भांडी आवरली, तरी काम सुरूच. शेवटी पुढचा पडदा उचलून, वायरींत अडखळत, मागे नेऊन जोडला. तर मधोमध एक चौकोन उघडलेला. 'ह्या नावाची फाइल आधीच आहे. तिच्यावर लिहू का? हो / नाही.' अंधाऱ्या खोलीत, पडदा नसताना, बिचारा दुपारभर उत्तराची वाट बघत उभा!

मला इतकं हसू आलं की खाली बसले. बऱ्याच दिवसांनी हसले, म्हणून मुद्दाम कळवते.

तुमची,
वहिनी


८ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

मीही हसले, मग कपाळाला हात लावला. दोन्ही चुका माझ्याच.

खिडकीवाल्या प्रोग्रॅमला काळ्या पडद्यावर बोलताच येत नाही, तोंड शिवूनच जन्माला येतो. टाका उसवलाय, आता बोलेल. आणि प्रश्न विचारायची त्याची सवय मी मोडली. समोर माणूस आहे असं धरून चालायचं नाही. जे सांगायचं ते ओळीतच सांगायचं, आणि अडलं तर वाट बघत न थांबता कारण सांगून बाहेर पडायचं. शिवाय थोडा धाकही ठेवलाय. डावा-उजवा गोंधळ झाला, किंवा आकडा अंगावर येण्याइतका मोठा पडला, तर तो साफ नाही म्हणेल. तू कितीही चिडलीस तरी.

हसत जा.

तुझी,
वन्सं


१६ फेब्रुवारी

ती. वन्सं यांस,
सा. न.

पकडले गेले.

परवा हे हॉस्पिटलातून लवकर परत आले. मी शिवणकामवाल्या बाईंच्या नव्या स्कॅनवर ओळ लिहीत होते. मागे येऊन कधी उभे राहिले कळलंच नाही.

"काय चाललंय?"

"काही नाही."

"काही नाही ते इतकं काळं का दिसतंय?"

मला त्याचीच धास्ती होती वन्सं. त्यांना वाटेल, ह्या दोघींनी मिळून माझा हात बाजूला काढला. ते वाकले. ओळ वाचली. मग म्हणाले, "गुडघ्याखाली तीन? तीन कोणी सांगितलं?"

"तुम्हीच. मागच्या वेळी."

"मागच्या वेळी त्या अंगाने भरलेल्या होत्या. आता वाळल्यात. अडीच."

मी तीन खोडून अडीच केलं. त्यांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसले. "नडगीवर?" मी विचारलं. डोळे मिटून त्यांनी बोटं हवेत फिरवली, पाय समोर असल्यासारखी. बोटं थरथरत होती आणि त्यांनी ती लपवली नाहीत. "नडगीवर पाच मोकळं सोड. मागच्या बाजूला दोन दाब. बस." एंटर मारला. 'झालं. चार चित्रं तयार आहेत,' असं आलं. चित्रं उघडली. वन्सं, पाण्यावरून हात फिरवल्यासारख्या कडा. हे बघत राहिले, मी त्यांच्याकडे.

मग काय, खोड्या सुरू. "मला लिहू दे," म्हणून त्यांनी दोन बोटांनी टाइप करत उजव्या पायाच्या फायलीला डाव्याचे बदल लावले. 'डावा आणि उजवा जुळत नाही. थांबलो,' असं उत्तर आलं. मग तीस मिलिमीटर दाबून पाहिलं. 'हे होणार नाही.' हे हसले. म्हणाले, "अगदी ताईच आहे."

तेवढ्यात त्यांच्या लक्षात आलं. "ताईला सांगितलंस तू."

"सांगितलं."

मागच्या खोलीत यंत्र घरघरत होतं. मग म्हणाले, "मला त्या आजाराची भीती नव्हती गं. एकदा नाव कळलं की काम सोडावं लागेल, ह्याची होती. आता हे असं जमतंय, तर नाव कळलं तरी चालेल. चल उद्या."

काल गेलो. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही हात पुढे करायला लावले आणि बोटांवर एक कोरा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. मग हात मांडीवर सैल सोडायला सांगितले, तर हात शांत. त्यांच्या भुवया वर गेल्या. जेवण कसं आहे, वजन किती उतरलं, उकडतं का, धडधडतं का, असं एकेक विचारत गेल्या आणि ह्यांच्या आधी मीच सगळी उत्तरं दिली. थंडीतला पंखासुद्धा सांगितला. मग म्हणाल्या, "कंपवातात हात निवांत पडलेला असताना जास्त थरथरतो. ह्यांचं उलट आहे. मला दुसराच संशय येतोय, पण रक्त तपासल्याशिवाय बोलणार नाही." धडधडीवर गोळी दिली. रिपोर्ट यायला आठवडा जाईल.

मी देवाला काही कबूल केलेलं नाही. बोलायलाच धीर होत नाही.

तुमची,
वहिनी


१७ फेब्रुवारी

वहिनी,

मीही काही बोलत नाही. नुसती कॉम्प्युटरसमोर बसून आहे. रिपोर्ट आला की दोघांपैकी कोणीही लगेच कळवा, चांगला असो की वाईट. शुद्धलेखन तपासत बसू नका.

वन्सं


२३ फेब्रुवारी

ती. ताईस,

हे मी स्वतः टाइप करतोय, दोन बोटांनी, तेव्हा मोठं होणार नाही.

थायरॉईड आहे. गळ्यातली ग्रंथी बेफाम सुटलीय, अंगाचं इंजिन दामटतेय म्हणे. वजन, घाम, चिडचिड, धडधड आणि हात, सगळं तिचंच. डॉक्टर म्हणाल्या, बाबांच्या आजाराशी ह्याचा काही संबंध नाही. औषध बरेच महिने घ्यावं लागेल, तपासण्या होत राहतील, पण हात ताळ्यावर येईल. धडधडीच्या गोळीनेच निम्मा आलाय. आज भरलेला कप उचलला आणि प्यायलो. हिने बघितलं आणि आत जाऊन आडवी झाली. दुपारपासून झोपलीय. मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे ना ते बघून आलो.

इतके महिने मी डॉक्टरकडे न जाता मनातल्या मनात वर्कशॉप बंद करून टाकलं होतं. यंत्र कोणाला द्यायचं, पेशंट कोणाकडे पाठवायचे, सगळं ठरवून झालं होतं. आणि आजार निघाला गोळ्यांचा! मला स्वतःचा इतका राग आला की दवाखान्याच्या पायऱ्यांवर मी मोठ्याने हसलो. लोक बघायला लागले. हिने माझा दंड धरून रिक्षात बसवलं, मला वेड लागलंय असं वाटून.

शिवणकामवाल्या बाई काल पेला घेऊन गेल्या. आम्ही दोघांनी केलेला. आज सकाळी त्यांच्या दारावरून मुद्दाम गेलो. मशीनचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. आत गेलो नाही, बाहेर जरा थांबलो. मध्येच आवाज बंद झाला तर मी दाराकडे एक पाऊल टाकलं. मग कळलं, दोरा ओवत असतील. पुन्हा सुरू झाला तेव्हा निघालो.

हात बरा झाला की खिडकीत बसेनच, ती मोडू नकोस. पण ओळही राहू दे. इतकी वर्षं ही पुढच्या खोलीत आणि मी मागच्या. आता मी आकडा सांगतो, ती लिहिते आणि मध्येच विचारते, "अडीच का? दोन का नाही?" मला सांगावं लागतं. कारण सांगताना कधी कधी माझ्याच लक्षात येतं की दोनच बरोबर. हे मला आवडायला लागलंय. तिला सांगू नकोस.

तुझा,
ठोकळ्या


२३ फेब्रुवारी

प्रिय ठोकळ्या आणि (उठली असशील तर) प्रिय वहिनी,

पत्र वाचलं. पुन्हा वाचलं. मग मोठ्याने वाचलं, कारण घरात ऐकायला कोणी नव्हतं. मग चपला घातल्या आणि जिना उतरून खालच्या किराणा दुकानात गेले. का, ते मलाही माहीत नाही. घरात काही संपलं नव्हतं. कोणाला तरी सांगितल्याशिवाय मला राहवेना.

दुकानदाराला तुम्ही कोणीच माहीत नाही. मी काउंटरवर दोन्ही हात टेकले आणि सांगितलं, "माझ्या धाकट्या भावाला थायरॉईड झालंय."

तो बिचारा चेहरा पाडून म्हणाला, "अरेरे."

मी म्हटलं, "अरेरे काय? अभिनंदन करा!"

त्याने केलं. हातातलं माप खाली ठेवून, माझा हात हातात घेऊन, नीट, मनापासून केलं. मागे रांगेत उभ्या असलेल्या बाईंनीही केलं.

तेच तुम्हाला पोचवते आहे.

तुमची,
ताई / वन्सं